पोटाकडून विंचू : एका प्रतिकृतीच्या नोंदी

२ मे

ठरलं. यंदा शाळेच्या विज्ञान कक्षासाठी विंचवाची मोठी प्रतिकृती करायची आणि ती टेबलावर न ठेवता छताला टांगायची. कारण साधं आहे. विंचवाचं पाहण्यासारखं बरंचसं त्याच्या खालच्या अंगाला असतं आणि ते कुणी पाहतच नाही. कक्षात एक जुना तक्ता आहे. त्यात विंचू वरून काढलाय, नांगी लालभडक रंगवलीय, बाकी अंग तपकिरी रंगाने भरून टाकलंय. आमच्या अमळनेर तालुक्यात विंचू न पाहिलेलं पोर सापडणार नाही, पण पाहिलेला असतो तो चप्पल हातात येईपर्यंतच.

सामान : तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा, सायकलच्या फाटक्या ट्यूबा, तार, रिव्हेट, एमसील. पत्रा कापून वाकवून द्यायचं आप्पांनी कबूल केलंय. सुट्टीत नववीची काही पोरं-पोरी येणार आहेत. अट एकच घातली : जिवंत विंचवाला कुणी हात लावायचा नाही, काडीसुद्धा नाही.

९ मे

अतिनील प्रकाशाची टॉर्च आली, ३९५ नॅनोमीटरची. रात्री जेवणं उरकून बोरी नदीच्या काठच्या मुरमाड बांधावर गेलो. दिवसा पारा ४३च्या वर होता, रात्रीही दगड कोमट लागत होते. साध्या टॉर्चने बांध रिकामा दिसला. जांभळा झोत फिरवला आणि दोन दगडांच्या फटीत हिरवट-निळं काहीतरी पेटलं. पोरांचा आवाज एकदम बंद.

विंचवाच्या कवचाच्या सगळ्यात बाहेरच्या पारदर्शक थरात बीटा-कार्बोलीन आणि कुमारीन गटातली द्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाश शोषतात आणि हिरवट-निळा प्रकाश बाहेर टाकतात. नुकतीच कात टाकलेला विंचू असा चमकत नाही. कवच टणक होत जातं तशी चमक येते. ही चमक विंचवाला कशाला लागते यावर संशोधकांचं एकमत नाही, पण शोधणाऱ्याला तिच्यासारखी सोय दुसरी नाही.

विंचू फटीच्या तोंडाशी चिमटे उघडे ठेवून बसला होता. बराच वेळ पाहिलं, जागचा हलला नाही. तो भक्ष्यामागे धावणारा नव्हे, वाट पाहणारा. पायांच्या टोकांजवळच्या सांध्यांपाशी बारीक चिरा असतात, त्यांना जमिनीतली थरथर कळते. संशोधक फिलिप ब्राउनेल यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मोजावी वाळवंटातल्या विंचवांवर प्रयोग करून दाखवलं, की वाळूतल्या लहरी आठांपैकी कोणत्या पायाला आधी पोचल्या त्यावरून तो किड्याची दिशा ओळखतो. म्हणजे डोळे मिटून नेम.

परतताना एक बाबा खाटेवरून उठून बसले. "काय धुंडी राह्यनात सर?" पोरगा म्हणाला, "इच्चू." बाबा म्हणाले, "मंग आमना घर चाला, तठे भलता शेतस." म्हणजे आमच्या घरी चला, तिथे पुष्कळ आहेत.

२१ मे

तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाने एक बाटली उसनी दिली. स्पिरिटमधला लाल विंचू, नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. १७९८ साली प्राणिशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्याला पहिलं शास्त्रीय नाव दिलं, नंतर प्रजात दोन-तीनदा बदलली. जुन्या वैद्यकीय लेखांत तो बूथस किंवा मेसोबूथस म्हणून भेटतो. विंचू तोच.

बाहेर काढून आडव्या ट्रेमध्ये ठेवला, मोजपट्टी लावली. एकूण ५.६ सेंमी. पुढची ढाल ०.७, रुंद पोट १.६, त्यापुढची 'शेपूट' नांगीसकट ३.३. म्हणजे अर्ध्याहून जास्त विंचू मागेच. पंचवीसपट करायचं ठरलं, तेव्हा लांबी १४० सेंमी. दारातून जाईल.

भाग असे. पुढे डोकं आणि छाती एकत्र असलेलं शिरोवक्ष, त्यावर एकच अखंड ढाल. मग सात खंडांचं रुंद पोट. मग पाच खंडांचा अरुंद भाग. शेवटी विषाचा फुगीर गोळा आणि काटा. हा शेवटचा तुकडा खंडांत धरत नाहीत. कोळी, गोचीड, विंचू हे सगळे अष्टपाद वर्गातले. चार जोड्या पाय, शृंगिका नाहीत, पंख नाहीत. पण कोळ्याचं पोट बहुधा एकसंध असतं. विंचवात खंड असे उघडे मोजता येतात. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या सिल्युरियन काळातल्या खडकांत विंचवांचे जीवाश्म मिळालेत आणि तेही पाहता क्षणी विंचू म्हणून ओळखू येतात.

बाटलीतल्या विंचवावरही टॉर्च मारली. मेलेला, वर्षानुवर्षं स्पिरिटात बुडालेला, तरी चमकला.

३० मे

तोंडाकडचा भाग सुरू. मोठे चिमटे हे पाय नव्हेत, ते पेडिपाल्प : तोंडाजवळच्या अवयवांची दुसरी जोडी. प्रत्येकाचे सहा तुकडे. चिमट्याचं एक बोट घट्ट, दुसरं हलणारं. आप्पांनी हलणाऱ्या बोटाला बिजागरी बसवली. आतून तार ओढली की चिमटा मिटतो.

पहिली जोडी म्हणजे केलिसेरा. या दोन आखूड, दातेरी पकडी पुढच्या ढालीखालून जेमतेम डोकावतात. वरून नीट दिसत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षात नसतात, पण जेवण सगळं त्यांच्यावर. विंचवाला घास गिळता येत नाही. तो केलिसेरांनी किडा कुरतडतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेला रस आत ओढतो. एका झुरळाला तासाच्या वर लागू शकतो. पुढे पाहिजे तर महिनोन्‌महिने उपाशी राहतो, कारण शरीराचा खर्च फार कमी आणि पोटात पचनग्रंथी एवढी मोठी की अन्नाचा साठा तिथेच.

डोळे : ढालीच्या मधोमध एक जोडी, पुढच्या कोपऱ्यांवर बारीक डोळ्यांच्या आणखी काही जोड्या. मधल्यांसाठी काचेच्या गोट्या घेतल्या. एवढे डोळे असून आकृती ओळखण्यात विंचू यथातथाच. मंद उजेड-अंधाराचा फरक मात्र त्याला फार चांगला कळतो.

चिमट्यांवर उभे, लांब, एकेकटे केस असतात. वाऱ्याच्या अगदी हलक्या झुळकेनेही ते हलतात आणि उडणाऱ्या किड्याची चाहूल देतात. कोणता केस कुठे आहे यावरून तज्ज्ञ कुळं ओळखतात. यासाठी चोपड्याहून केळीच्या खोडाचा धागा मागवलाय. बारीक, ताठ, आणि पंख्याच्या वाऱ्याने खरोखर थरथरतो.

९ जून

काल पहिला पाऊस. आज कामाला कुणीच नाही, सगळी पोरं वावरात. एक जण मात्र काडेपेटी घेऊन आला, आत मृगाचे किडे. लाल, मखमली. "सर, हा पण तुमच्यातलाच का?"

आमच्यातलाच. पाय मोजायला लावले : आठ. नावात किडा असला तरी तो कीटक नाही, गोचिडीच्या जवळचा माइट आहे. वर्षातला बहुतेक काळ जमिनीत काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर फिरतो. गंमत पिल्लात आहे. अंड्यातून निघतं तेव्हा त्याला सहाच पाय असतात आणि ते कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितं. मोठा झालेला आठपायी माइट जमिनीतली कीटकांची अंडी खातो. पोट आणि शिरोवक्ष यांत फट दिसत नाही, सगळं एकाच गाठोड्यात. पोराने भिंग धरलं तेव्हा किड्याने पाय आत घेतले आणि मेल्याचं सोंग घेऊन पडला. तळहातावर पाचेक मिनिटं तसाच, मग पुढचे दोन पाय आधी बाहेर आले, चाचपडले, आणि स्वारी निघाली.

किडे परत वावरात सोडायला सांगितले.

१८ जून

शाळा उघडली, आता काम चारनंतर. आजचा दिवस कंगव्यांचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रतिकृतीचं सार इथे आहे.

विंचू उलटा केला, की शेवटच्या पायांच्या जोडीमागे मधोमध दोन दातेरी पट्ट्या दिसतात, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारख्या दोन बाजूंना फाकलेल्या. त्यांना पेक्टिन म्हणतात. जगात विंचवाखेरीज दुसऱ्या कुठल्याही प्राण्याकडे हा अवयव नाही. कुणी कोडं घातलं, नांगी तुटलेला विंचू कसा ओळखाल, तर उत्तर हे.

चालताना विंचू हे कंगवे जमिनीवर टेकवत जातो. प्रत्येक दाताच्या टोकाशी शेकडो सूक्ष्म खुंट्या असतात आणि त्या जमिनीवरचा वास, चव, खडबडीतपणा टिपतात. नराला मादीचा माग यांवरूनच लागतो. मीलनाच्या वेळी नर मादीचे चिमटे धरून तिला पुढे-मागे चालवत नेतो, जागा सापडली की शुक्राणूंची पुडी जमिनीला चिकटवतो आणि मादीला तिच्यावर ओढतो. जागा कशी आहे हे चाचपायलाही कंगवेच. नराचे कंगवे बहुधा मोठे, दातही जास्त.

बाटलीतल्या विंचवाचे दात टाचणीने मोजले. पोरींनी आळीपाळीने तीनदा मोजले, तेव्हा एका बाजूला ३४ वर एकमत झालं. प्रतिकृतीसाठी आठवडी बाजारातून लाकडी फण्या आणल्या, उवा काढायच्या. एक बाजू कापून टाकली, दात तीस-पस्तीसच ठेवले. रंगही द्यावा लागला नाही.

कंगव्यांच्या पुढे जननद्वाराची झडप, आणि तिच्याही पुढे पायांच्या बुंध्यांमध्ये एक छोटी पट्टी, म्हणजे छातीचं हाड म्हणा. लाल विंचवाच्या कुळात ती त्रिकोणी असते. काळ्या मोठ्या इंगळीत पंचकोनी. पत्र्याचा त्रिकोण कापला, बोटाएवढाच आहे, पण कुळ ठरतं त्यावर.

२७ जून

श्वसन. कंगव्यांच्या मागे पोटाला पाच पट्ट्या. पहिल्या चार पट्ट्यांवर डावी-उजवीकडे एकेक तिरपी चीर, म्हणजे आठ. पाचव्या पट्टीवर काही नाही. या चिरा म्हणजे नाकपुड्या, प्रत्येकीच्या आत एक पुस्तकफुप्फुस.

उजवीकडची एक चीर उघडी ठेवून आत काय असतं ते दाखवायचंय. जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन त्यांची पानं कापली. खऱ्या फुप्फुसात पातळ पानांची चळत असते. पानाच्या आत रक्त, दोन पानांमध्ये हवा. पानं एकमेकांना चिकटली तर हवा जायला वाट राहणार नाही, म्हणून पानांवर सूक्ष्म काटे असतात. आम्ही तिथे मण्यांची माळ तोडून मणी लावले.

रक्ताला कोणता रंग द्यायचा यावर वाद झाला. लाल डबा उघडलाही होता. विंचवाच्या रक्तात लोह असलेलं हिमोग्लोबिन नसतं, तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, प्राणवायू मिळाला की त्याला निळसर झाक येते. म्हणून पानांच्या कडांना फिकट निळा. पाठीखालून लांब नळीसारखं हृदय जातं, सात जोड्या छिद्रांचं. तेही निळ्या पाइपचं केलं. पोरांना तांब्याचं फार अप्रूप वाटलं. एकाने विचारलं, मग विंचवाला गंज हिरवा येईल का.

चिरा बहुतेक वेळ मिटलेल्या ठेवता येतात आणि कवचावर मेणचट थर असतो. मे महिन्यातल्या आमच्या बांधावर अंगातलं पाणी टिकवायचं तर दुसरा इलाज नाही. तरीही दिवसा तो दगडाखालीच सापडणार.

४ जुलै

आप्पांकडे 'शेपूट'. अवतरणचिन्हं मुद्दाम घालतोय. शेपूट म्हणजे गुदद्वाराच्या मागचा भाग. कुत्र्याचं बघा, बैलाचं बघा. विंचवाचं गुदद्वार या पाचव्या, शेवटच्या खंडाच्या टोकाला, काट्याच्या गोळ्याच्या अलीकडे असतं. म्हणजे आतडं त्या संपूर्ण अरुंद भागातून जातं. मज्जारज्जूही. ते पोटच आहे, फक्त बारीक झालेलं. आम्ही पिवळी नळी शेवटपर्यंत ओढली आणि खालून भोक पाडलं. पोरं तोंड दाबून हसली, ते अपेक्षित होतं.

याची किंमत दक्षिण अमेरिकेतला अनॅन्टेरिस नावाचा विंचू मोजतो. शत्रूने धरलं तर तो पालीसारखा मागचा भाग तोडून पळतो. तो भाग पुन्हा येत नाही आणि गुदद्वार त्याच्यासोबत गेलेलं असतं. जखम भरते, विष्ठा आतच साठत राहते, तरी तो महिनोन्‌महिने जगतो आणि नर असेल तर या काळात जुगतोसुद्धा. २०१५ साली हे शोधनिबंधात आलं. जीव वाचवायचा हा व्यवहार मला तरी महाग वाटतो.

आप्पांनी पाचही डबे रिव्हेटने जोडले, वाकवून पाहिले आणि म्हणाले, "सर, पत्र्यावर पत्रा घासतोय. मधे रबर द्या, मग वळंल." विंचवातही तसंच. टणक खंडांच्या मध्ये मऊ, घडी पडणारं पातळ कातडं असतं, नाहीतर कवच घातलेल्या प्राण्याला हलताच आलं नसतं. ट्यूब कापून मधे पट्ट्या दिल्या. आता नांगी पाठीवरून पुढे येते, चिमट्यांच्याही पुढे.

गोळ्याच्या आत विषाच्या दोन ग्रंथी, दोघींची नळी वेगळी, आणि काट्याच्या टोकाच्या जरा अलीकडे दोन वेगळी भोकं. अगदी टोकाला भोक नसतं. सलाइनच्या बारीक नळ्या वापरल्या. ग्रंथीभोवती स्नायू आहेत, विष किती सोडायचं यावर विंचवाचा ताबा असतो. कधी नुसताच कोरडा डंख.

१२ जुलै

पाऊस. रंग वाळत नाही.

१९ जुलै

व्हरांड्यातल्या दिव्याखाली रात्री एक सोलिफ्यूज, म्हणजे विंचू-कोळ्यांचाच एक अष्टपाद भाऊबंद, आला होता, शिपाईमामांनी बरणी उपडी घालून ठेवला. पिवळट, केसाळ, धावायला भयंकर. दहा पाय वाटतात, कारण लांब पेडिपाल्पही पायांसारखेच पुढे धरतो. त्यांच्या टोकाला चिकटणारा अवयव असतो, त्याने बरणीची काच चढायला बघत होता. विष नाही. जे काही आहे ते केलिसेरांत, डोक्याच्या मानाने अवाढव्य, उभ्या मिटणाऱ्या दोन जोडपकडी. मागच्या पायांच्या बुंध्याखाली पांढरी, छोट्या रॅकेटच्या आकाराची पानं लटकतात, प्रत्येक पायाला पाच. विंचवाच्या कंगव्यांचं वास घेण्याचं काम इथे ही पानं करतात. श्वास मात्र पुस्तकफुप्फुसाने नव्हे, कीटकांसारख्या श्वासनळ्यांनी. पोरांनी आपण होऊन बरणीखालून आरसा धरला आणि आधी पोट पाहिलं. मला तेवढं पुरे. रात्रीच कुंपणाबाहेर सोडला.

५ ऑगस्ट

कानबाईच्या सणामुळे काम बंद होतं, आज परत सुरू. घराघरांतून पोरं एकच प्रश्न घेऊन आली : विंचवीण पिल्लं देते आणि पिल्लंच तिला खाऊन टाकतात, खरं का? आजीने सांगितलं म्हणे.

नाही. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लं जन्मतात. जन्मताना ती पुढचे पाय खाली दुमडून धरते, पिल्लं त्यावर येतात आणि पायांवरून चढून पाठीवर जातात. विंचवाचं बिऱ्हाड खरोखर पाठीवरच असतं. पांढरी, मऊ, काही न खाता अंगातल्या साठ्यावर राहणारी. आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकतात आणि मग उतरून आपापल्या वाटेने जातात. आई जिवंत असते. पाठीवर चिकटलेल्या बारीक कातींमुळे आणि पाठीवर वळवळणाऱ्या पांढऱ्या गर्दीमुळे तसं वाटत असावं. पिल्लांसाठी साबणाच्या वडीतून कोरायचा प्रयत्न चाललाय. छताला टांगल्यावर पाठ दिसणार नाही, म्हणून वर एक आरसा तिरका लावायचा.

१४ ऑगस्ट

पाहायला येणारा प्रत्येक जण विषाचं विचारतो, तेव्हा एक फलक लागणारच. मजकूर मी लिहिला, अक्षर एका मुलीचं.

लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात. शरीर स्वतःचीच उत्तेजक संप्रेरकं भसाभस सोडतं. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढतो, पुढे हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलांना धोका जास्त. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे बारकाईने नोंदवलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरून मृत्यू कमी करून दाखवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विषावर उतारा म्हणून प्रतिविषाचं इंजेक्शनही आहे. म्हणून फलकावर मोठ्या अक्षरांत : मंत्र, उतारा, चिरा देणं नको, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र.

खाली लहान अक्षरांत ओळखीची खूण : चिमटे बारीक आणि मागचा भाग जाड असेल तर जपून. चिमटे जाड, मागचा भाग बारीक, तो बहुतेकदा कमी विखारी. पोरांनी 'बहुतेकदा' खाली रेघ मारली. चांगलं केलं. या खुणेवर विसंबून कुणी हात घालू नये.

२० ऑगस्ट

टांगला. दोन हुक, चार तारा, वजन अंदाजापेक्षा जास्त भरलं म्हणून आप्पांनी मधल्या वाशाला आणखी एक आकडा दिला. खाली उभं राहून मान वर केली की क्रमाने दिसतं : त्रिकोणी पट्टी, झडप, फण्यांचे कंगवे, आठ चिरा, एक उघडी फुप्फुसपेटी, मग पाच डबे, शेवटचं भोक, काटा. पाचवीचा वर्ग आत आला. पहिला प्रश्न नांगीचा नव्हता. "सर, याच्या पोटाला फणी कशाला?" नववीच्या पोरांना उत्तर द्यायला पाठवलं, मी बाहेर थांबलो.

उरलेली कामं : डाव्या तिसऱ्या पायाचं टोक सैल आहे, एमसील पुन्हा लावणे. केळीचे धागे दमट हवेत वाकतात, वार्निशचा एक हात देणे. पिल्लं साबणाची नकोत, मुंग्या लागतात, मेण बघणे. काळ्या विंचवासाठी पंचकोनी पट्टी आप्पांनी कापून ठेवली आहे. त्याच्या प्रजातीला हेटेरोमेट्रस म्हणायचे, २०२०च्या पुनर्रचनेत भारतातल्या बऱ्याच जाती डेक्कनोमेट्रस या नव्या नावाखाली गेल्या, तेव्हा फलकावर दोन्ही नावं लिहायची. त्याला कंगव्याचे दात कमी लागतील, एका फणीत दोन्ही बाजू निघतील. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करू.